नेट १०० एमबीपीएसचं, तरी फोनवर आवाज का तुटतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस आहे. दहा-बारा माणसं, टेबलांवर आठ आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारे), दोघं-तिघं मोबाइलवर सॉफ्टफोन ॲप वापरतात आणि लाइन १०० एमबीपीएस फायबरची आहे. तक्रारी तीन. दुपारी चारनंतर समोरचा म्हणतो, ‘तुमचा आवाज कट कट येतोय’. काही कॉल उचलल्यावर अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होतात. आणि कधीकधी एकाच बाजूला ऐकू येतं. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तर हे थांबेल का?

बहुतेक नाही थांबणार. पैसे खर्च करण्याआधी हिशोब बघा. आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जी.७११ कोडेकवर एका कॉलमध्ये सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, जातात. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्त्यांचा मजकूर, म्हणजे एका दिशेला ८० केबीपीएस. इथरनेटची भर धरली तर साधारण ८७. आठही फोन एकाच वेळी चालू असले तरी ७०० केबीपीएस होतात, एक एमबीपीएससुद्धा नाही. आवाजाला जागा भरपूर आहे. त्याला पॅकेट वेळेवर आणि सारख्या अंतराने पोचणं लागतं, आणि तेच तुमच्याकडे होत नाहीये. तुमच्या तीन तक्रारींमागे दोन वेगळी कारणं दिसतात. आवाज तुटणं हा अपलोडच्या रांगेचा दोष आहे, तर अर्ध्या मिनिटात कट होणं आणि एकतर्फी आवाज ही राउटरने ऑफिसातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलताना (याला एनएटी म्हणतात) घातलेल्या गोंधळाची लक्षणं आहेत. दोन्ही एकत्र सोडवायला गेलात तर काहीच कळणार नाही.

आधी मोजा. ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी, वायरने जोडलेल्या एका कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा आणि तिन्हींत सतत चालणारं पिंग (समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावा. पहिलं तुमच्या राउटरला, दुसरं ट्रेसरूटमध्ये (वाटेतले पत्ते दाखवणारी कमांड) राउटरच्या पुढे दिसणाऱ्या इंटरनेट कंपनीच्या पहिल्या पत्त्याला, तिसरं फोन सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरला. पाच मिनिटं चालू द्या, तीनशे उत्तरं मिळतील. राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत आलं पाहिजे आणि एकही पॅकेट गळता कामा नये. तिथेच आकडा नाचत असेल तर दोष ऑफिसच्या आत आहे, वायरमध्ये, स्विचमध्ये किंवा वायफायमध्ये. राउटर स्वच्छ आणि पुढचे दोन बिघडलेले असतील तर लाइनकडे बघायचं. मात्र मधला एखादा पत्ता पॅकेट गाळताना दिसला आणि शेवटच्या सर्व्हरपर्यंत गळती शून्य असली, तर तिकडे दुर्लक्ष करा. मोठे राउटर पिंगला उत्तर देणं हे शेवटचं काम समजतात, आवाजाची पॅकेट मात्र नीट पुढे सोडतात. या एका गैरसमजापायी कंपनीच्या माणसाशी उगाच भांडणं होतात.

सर्व्हरपर्यंतच्या आकड्यांसाठी ढोबळ मर्यादा अशी ठेवा: गळती १ टक्क्याच्या आत, चढउतार म्हणजे जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत, आणि तोंडापासून कानापर्यंतचा एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत. हा १५० चा आकडा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीतला आहे. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. सर्व्हर मुंबईत असेल तर अंतराचा प्रश्नच नाही. सेवा देणाऱ्याने तो अमेरिकेत ठेवला असेल तर जाऊन-येऊन २०० मिलिसेकंदांच्या वर जातात, आणि त्यावर तुमच्या राउटरमध्ये काही उपाय नाही. तेव्हा सर्व्हर कुठे आहे हे आधी विचारून घ्या.

आता एक प्रयोग करा. पिंग चालू असतानाच कुणाला तरी एखादी एक जीबीची फाइल ड्राइव्हवर चढवायला सांगा. पिंग १५ मिलिसेकंदांवरून ३००-४०० वर गेलं की चोर सापडला. बहुतेक छोट्या ऑफिसांत हाच सापडतो. ‘१०० एमबीपीएस’ हा आकडा पुष्कळदा डाउनलोडचा असतो, अपलोड किती ते स्पीड टेस्टमध्ये वेगळं बघा. समजा २० आहे. अपलोड भरलं की जास्तीची पॅकेट राउटर टाकून देत नाही, स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. १ एमबीचा बफर तुंबला की ८० लाख बिट रांगेत उभे राहतात. २० एमबीपीएसने ते रिकामे व्हायला ०.४ सेकंद लागतात. आवाजाचं २०० बाइटचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. ते पोचतं तेव्हा फोनने त्याची जागा केव्हाच रिकामी सोडून दिलेली असते. कानाला ‘कट कट’ म्हणून येतं ते हेच. तुमच्याकडे समोरच्याला आवाज तुटतो आणि तुम्हाला मात्र त्याचा नीट येतो, यावरूनही बोट अपलोडकडेच जातं.

चारनंतरच का, हे शोधायला फार लांब जायला नको. त्या सुमाराला डिझाइनच्या फाइली आणि मालाचे फोटो बाहेर जातात, टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढतो आणि मोबाइल आपापले फोटो पाठवू लागतात. त्यात सीसीटीव्ही. आठ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस; मालकांनी बाहेरगावाहून मोबाइलवर आठही कॅमेरे मेन स्ट्रीमवर (पूर्ण स्पष्ट चित्रात) उघडले की १६ एमबीपीएस अपलोड तिथेच संपलं. मालक पुण्याला गेले की फोन बिघडतात अशी ख्याती असलेली ऑफिसं असतात, ती यामुळे. डीव्हीआरच्या ॲपमध्ये बाहेरून बघताना सब स्ट्रीम, म्हणजे हलकं चित्र, लावा, बॅकअप रात्री नऊनंतर ठेवा. निम्मा त्रास फुकटात जाईल.

उरलेल्या निम्म्यासाठी रांगेचा ताबा तुमच्या राउटरकडे आणावा लागतो. त्यासाठी एसक्यूएमची सोय हवी, म्हणजे एफक्यू-कोडेल किंवा केक नावाची रांग लावण्याची पद्धत. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ती मिळते, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांवरच्या राउटरओएस ७ मध्येही आहे. वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी स्पीड टेस्ट घ्या आणि सगळ्यांत कमी आलेला आकडा धरा. अपलोडची मर्यादा त्याच्या ९० टक्के, डाउनलोडची ८५ ते ९० टक्के ठेवा. २० मिळत असतील तर १८ लिहा. दोन एमबीपीएस हातचे सोडायला लोकांच्या जिवावर येतं, पण सगळी गंमत त्या दोनातच आहे. मर्यादा लाइनपेक्षा कमी असली तरच रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे केक लहान लहान प्रवाहांना वाट करून देतो. फाइल चढायला दहा टक्के जास्त वेळ लागेल, ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

इथे दोन चुका नेहमीच्या. मायक्रोटिकवर फास्टट्रॅक (पॅकेट झटपट पुढे सोडणारा नियम) चालू राहिला तर पॅकेट रांगेला वळसा घालून जातात. सेटिंग बरोबर दिसतं आणि फरक शून्य, म्हणून तो नियम आधी बंद करा. दुसरी चूक साध्या घरगुती राउटरांवर होते. त्यांच्या क्यूओएसच्या (प्राधान्य ठरवण्याच्या) पानावर एकूण बँडविड्थ विचारलेली असते आणि तिथे १००० किंवा रिकामी जागा तशीच सोडली जाते. राउटरला वाटतं अजून खूप जागा आहे, मग तो कुणालाच प्राधान्य देत नाही. राउटर फार जुना असेल तर हे सगळं लावल्यावर त्याचा प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो आणि वेगच पडतो. तेव्हा प्रोसेसरचा आकडा बघून ठरवा. बदलायचाच असेल तर तिथे पैसे घाला, प्लॅनमध्ये नको.

फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ म्हणजे ईएफ ही प्राधान्याची खूण असू द्या. तुमच्या राउटरपर्यंत तिचा उपयोग होतो, केकच्या डिफसर्व्ह पर्यायात ती पॅकेट आवाजाच्या खणात जातात. इंटरनेटवर बाहेर पडल्यावर ती खूण बहुधा पुसली जाते, त्यामुळे येणाऱ्या आवाजाला प्राधान्य द्यायचं असेल तर सेवा देणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून नियम लिहावा लागतो.

आता अर्ध्या मिनिटात कट होणारे कॉल. घड्याळ लावून बघा, कॉल बरोबर ३२ सेकंदांनी जातो का? तो आकडा सिपच्या, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या भाषेच्या, नियमांतून येतो. कॉल उचलला की उचलणाऱ्या बाजूने ‘२०० ओके’ हा संदेश निघतो आणि ‘ॲक’ अशी पोच यावी लागते. पोच आली नाही तर तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवला जातो आणि अर्धा सेकंद गुणिले ६४, म्हणजे ३२ सेकंदांनी बाजू हार मानून कॉल तोडते. पोच हरवते, कारण संदेशाच्या आत चुकीचा पत्ता लिहिलेला असतो. आणि तो चुकीचा पत्ता लिहिणारा बहुतेक वेळा राउटरमधला सिप एएलजी असतो. फोनला मदत करण्यासाठी म्हणून ही सोय घातलेली असते, पण बहुतेक राउटरांत ती अर्धवट आहे. बंद करा. एनएटी, ॲप्लिकेशन लेयर गेटवे किंवा सिक्युरिटी अशा नावाखाली टिकमार्क सापडेल. मायक्रोटिकवर फायरवॉलच्या सर्व्हिस पोर्टमध्ये सिप आहे. बंद केल्यावर राउटर आणि फोन दोन्ही रिस्टार्ट करा, नाहीतर जुन्या जोडण्या तशाच चालू राहतात.

मग कंपनीने बसवलेला डबा बघा. तो स्वतः राउटर म्हणून चालतो आणि त्याला तुमचा दुसरा राउटर जोडलेला, असं असेल तर पत्ता दोनदा बदलतो. एएलजी तुम्ही एकात बंद केलात तरी दुसऱ्यात चालू असतो. कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडवर (पत्ते न बदलता नुसतं पुढे सोडणं) घ्या आणि पीपीपीओईचं, म्हणजे लाइनच्या लॉगिनचं, नाव-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये टाका. त्यानंतर राउटरच्या बाहेरच्या बाजूचा आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर कंपनीसुद्धा अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवते. आउटगोइंग चालतात पण इनकमिंग कधी येतात कधी नाही, ही त्याची खूण. अशा वेळी फोनमधली रजिस्ट्रेशनची (सर्व्हरवर पुन्हा नोंदण्याची) मुदत ३६०० सेकंदांवरून १२० वर आणा आणि कीप-अलाइव्ह २० ते २५ सेकंदांवर ठेवा. यूडीपीची, म्हणजे फोनची पॅकेट ज्या पद्धतीने जातात तिची, वाट राउटर अनेकदा ३० सेकंदांत बंद करतो, तिच्या आत एक पॅकेट गेलं की ती उघडी राहते.

एकतर्फी आवाज त्याच कुळातला. सिपने कॉल जुळतो, आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या भाषेने वेगळ्या पोर्टवरून वाहतो. फोनने समोरच्याला ‘आवाज १९२.१६८.१.२० वर पाठव’ असं सांगितलं तर तो पत्ता तुमच्या ऑफिसबाहेर कुणालाच माहीत नाही, आवाज हवेत जातो. सेवा देणाऱ्याकडे थेट नोंदलेले फोन असतील तर एएलजी बंद केल्यावर हे सहसा सुटतं. ऑफिसात स्वतःचं ॲस्टेरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या एनएटी सेटिंगमध्ये बाहेरचा स्थिर आयपी आणि आतलं नेटवर्क दोन्ही लिहा, आणि आरटीपीची पोर्टं, नेहमीच्या मांडणीत १०००० ते २००००, यूडीपीवर त्याच्याकडे वळवा. ५०६० हे पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवू नका, फक्त सेवा देणाऱ्याच्या आयपीला ठेवा. उघडं ५०६० शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. कमजोर पासवर्डचं एक एक्स्टेन्शन सापडलं की परदेशी कॉलचं बिल तुमच्या नावावर. अजून एक बारीक गोष्ट: फोनमध्ये सात-आठ कोडेक टिक केलेले असतील तर कॉल सुरू करणारा संदेश १५०० बाइटच्या वर जाऊन तुकडे होतो. त्यातला एक तुकडा वाटेत गेला की कॉल लागतच नाही. दोन कोडेक ठेवा, बाकीचे काढा. जी.७११ ए-लॉ पहिला. फायबर असताना जी.७२९ चा ८ केबीपीएसचा काटकसरीपणा कशाला? आवाज मात्र दबका होतो.

आतल्या वायरिंगकडे वळू. कारखान्याच्या आवारात इथे दुर्लक्ष फार होतं. टेबलावरचा फोन वायरवरच हवा. वायर कॅट ६ आणि शुद्ध तांब्याची घ्या. सीसीए म्हणून मिळणारी स्वस्त वायर ही तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असते. पीओईवर (नेटच्याच वायरीतून फोनला वीज देणं) लांब टप्प्यात तिच्यात व्होल्टेज पडतो आणि फोन मधेच रिस्टार्ट होतो. जोडणी करताना वायरमन पुष्कळदा दोन्ही टोकांना आपल्या मनाने पण सारखेच रंग लावतो. टेस्टरवर आठही दिवे लागतात, म्हणून सगळे खूश. पण ३ आणि ६ या पिनांना एकाच जोडीच्या दोन तारा गेल्या पाहिजेत. त्या वेगवेगळ्या जोड्यांतून गेल्या की पीळ निरुपयोगी होतो आणि पॅकेट खराब होऊ लागतात. क्रम असा ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. मॅनेज्ड स्विच असेल तर पोर्टवरचे सीआरसी एररचे, म्हणजे खराब पॅकेटचे, आकडे बघा. ते वाढत असतील तर तो क्रिंप कापून नव्याने मारा. एखादं पोर्ट हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेने) अडकलंय का तेही तिथेच दिसतं. दोन्ही बाजू ऑटोवर असू द्या.

मागाच्या शेडमधून वायर जात असेल तर मोटारींच्या केबलपासून निदान एक फूट दूर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. ऑफिस आणि शेड या दोन इमारती असतील तर मधे तांब्याची वायर टाकूच नका. वळवाच्या पावसात वीज कडाडली की अशा वायरीतून दोन्हीकडची पोर्टं एकदम जळतात. फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. तांब्याच्या वायरीची १०० मीटरची मर्यादाही आपोआप सुटते.

वायफायवर बोलणाऱ्यांसाठी थोडं. ५ गिगाहर्ट्झ वापरा, माणूस बसतो त्या जागी सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा कमजोर नको. २.४ गिगाहर्ट्झ लागलंच तर चॅनल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. हवेत सिग्नल घेऊन हवेतच पुढे सोडणारा रिपीटर आवाजासाठी वाईट, त्याऐवजी वायर ओढून ॲक्सेस पॉइंट लावा. आणि अँड्रॉइडवर सॉफ्टफोन ॲपला बॅटरी बचतीतून सूट द्या, नाहीतर स्क्रीन बंद झाली की इनकमिंग वाजतच नाही आणि दोष नेटवर जातो.

प्रतिध्वनी येत असेल तर लक्षात ठेवा, ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याच्याकडे दोष नसतो, समोरच्याकडे असतो. तिकडचा स्पीकर मोठ्याने लावलेला आहे किंवा हेडसेट हलक्या दर्जाचा आहे. तो आधी बदलून बघा.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळा मुद्दा आहे. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं, आणि पत्र्याखाली बंद लाकडी पेटीत ठेवलेला राउटर दुपारी आपोआप रिस्टार्ट होतो. पेटीला जाळी करा, भिंतीवर खाली आणा, टॉवेलची पिंजण साठते ती महिन्यातून एकदा ब्लोअरने उडवा. विजेचंही तसंच. आठ फोन ५ वॅटनी ४०, त्यात पीओई स्विच, राउटर आणि कंपनीचा डबा धरून सगळं मिळून ७०-८० वॅट होतात. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस एवढ्याला पुरतो. ऑफिसच्या इन्व्हर्टरवर टाकणार असाल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर आहे का बघा. दुसऱ्या मोडमध्ये बदल होताना क्षणभर खंड पडतो, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि फोन परत नोंदले जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात.

हे सगळं करूनही त्रास उरला तर मग कंपनीकडे जा. जाताना नोंद घेऊन जा: कॉम्प्युटर थेट कंपनीच्या डब्याला वायरने जोडून, दुसरं काही चालू नसताना, त्यांच्याच पहिल्या पत्त्याला तीनशे पिंग, वेळेसकट. डब्याच्या पानावर ऑप्टिकल पॉवर दिसते, तिचाही फोटो घ्या. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडे गळती ठरलेली. खांबावरून आलेली फायबर कुठेतरी जास्त वाकली आहे किंवा जोड खराब आहे, असा त्याचा अर्थ. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं तर स्पीड टेस्ट दाखवून माणूस परत जाईल. उणे २८ चा फोटो दाखवला तर त्याला शिडी लावावीच लागते.

दुसरी लाइन घ्यायचा विचार असेल तर अवश्य घ्या, पण दोन्हींवर लोड बॅलन्सिंग (दोन लाइनांत काम वाटून देणं) लावून फोन त्यात सोडू नका. सिप एका लाइनने आणि आरटीपी दुसऱ्या लाइनने गेलं की आत्ता जो एकतर्फी आवाज सोडवलात तोच परत येईल. सेवा देणाऱ्याच्या सगळ्या पत्त्यांसाठी एकच लाइन ठरवून द्या आणि दुसरी फक्त पहिली पडली तरच घ्यावी असा नियम लिहा. लाइन बदलताना चालू असलेला कॉल तुटेल. जुन्या जोडण्या राउटरने लगेच पुसल्या तर पुढचा कॉल मिनिटाभरात लागतो. त्या पुसल्या नाहीत तर फोन मेलेल्या लाइनलाच हाका मारत राहतात.